हिप-हॉप अल्बमची समीक्षा कशी लिहावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही काही जण महिन्यातून एकदा जमतो, एक अख्खा हिप-हॉप अल्बम सलग ऐकतो आणि घरी जाऊन प्रत्येक जण त्यावर मराठीत लिहितो. एका महिन्यात जुना अल्बम, पुढच्या महिन्यात नवा. नव्याने येणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. ती माझी आहेत. मंडळातल्या सगळ्यांना ती पटतील असं नाही.

अमेरिकन रॅपरचं निम्मं इंग्रजी डोक्यावरून जातं. मग मी समीक्षा कशी लिहिणार?

लिहू शकता, आणि लिहाच. पहिल्यांदा ऐकताना शब्दांचा अर्थ सोडून द्या. आवाज कुठे चढतो, श्वास कुठे घेतला जातो, ओळ ठोक्याच्या आधी संपते की मागून ओढत येते, एवढंच ऐका. नासच्या 'इलमॅटिक'मधलं 'एन. वाय. स्टेट ऑफ माइंड' घ्या. बीट बनवणाऱ्या डीजे प्रीमियरने जो चेंबर्सच्या जुन्या जॅझ रेकॉर्डवरून पियानोचा एक खालच्या पट्टीतला तुकडा उचललाय आणि तोच फिरवत ठेवलाय. नास आधी, सुरुवात कशी करावी कळत नाही, असं काहीसं पुटपुटतो. आणि मग जो सुटतो तो थांबतच नाही. यमक ओळीच्या टोकापर्यंत वाट बघत नाही, ओळीच्या पोटातच दोन-तीनदा जुळून जातं. वाक्य बारच्या, म्हणजे चार ठोक्यांच्या आवर्तनाच्या, सीमेवर संपत नाही, ते पुढच्या बारमध्ये घुसतं. हे सगळं कानाला कळतं. त्यासाठी इंग्रजीची पदवी लागत नाही.

शब्द नंतर वाचा. जीनियस या संकेतस्थळावर बहुतेक गाण्यांचे शब्द मिळतात, खाली चाहत्यांनी लिहिलेले अर्थही असतात. त्यातले काही अभ्यासू असतात, काही निव्वळ अंदाज. नास वाढला त्या न्यूयॉर्कच्या क्वीन्सब्रिज वसाहतीतली बोली तिथल्या माणसाला जेवढी उमगेल तेवढी आपल्याला उमगणार नाही, हे मान्य करून जेवढं समजलं तेवढ्यावरच लिहा.

माझा एकच आग्रह आहे आणि तो पुढच्या सगळ्या उत्तरांत येत राहील: काय ऐकलं ते आधी लिहा. रॅपरचं बालपण, त्याची भांडणं, त्याच्यावरचे खटले यांनी पान भरतं आणि आवाजाच्या वाट्याला 'दमदार बीट' एवढे दोनच शब्द येतात, अशा समीक्षा पुष्कळ आहेत. त्यात आपली भर नको.

सुरुवात कुठल्या अल्बमपासून करू?

'इलमॅटिक'पासून. १९ एप्रिल १९९४ रोजी आला तेव्हा नास वीस वर्षांचा होता. सुरुवातीचा प्रास्ताविक तुकडा धरून दहा ट्रॅक, सगळे मिळून सुमारे चाळीस मिनिटं. पाहुणा रॅपर एकच, एझी. नासचे वडील ओलू डारा हे जॅझ वाजवणारे, त्यांचा कॉर्नेट (ट्रंपेटसारखं वाद्य) एका गाण्याच्या शेवटी ऐकू येतो. पण नवशिक्यासाठी मी हा अल्बम निवडतो तो वेगळ्याच कारणाने. यात डीजे प्रीमियर, पीट रॉक, लार्ज प्रोफेसर, क्यू-टिप आणि एल.ई.एस. अशा वेगवेगळ्या प्रोड्युसरांच्या बीट, म्हणजे रॅपखालचं संगीत, आहेत आणि त्या सगळ्यांवर आवाज मात्र एकाच माणसाचा. बीट बदलली की तोच माणूस कसा वेगळा बोलतो, हे एकाच बैठकीत कळतं.

त्यानंतर डॉ. ड्रेचा 'द क्रॉनिक' (१९९२) ऐका. लॉस एंजेलिसचा तो सैलावलेला, जाड बेसचा आवाज न्यूयॉर्कपेक्षा किती निराळा आहे ते लगेच जाणवेल. मग लॉरिन हिलचा 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल' (१९९८). १९९९ साली त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, हिप-हॉपला तो मान पहिल्यांदाच मिळत होता. एकच बाई रॅप करते आणि गातेही, आणि दोन्हींत कुठेही तडजोड नाही.

आधी इतिहास वाचतो आणि मग ऐकतो, असं म्हणणाऱ्यांचं ऐकायचं बहुधा राहूनच जातं. एवढं पुरे: ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत जमेकात जन्मलेल्या डीजे कूल हर्कने बहिणीने ठरवलेल्या पार्टीत रेकॉर्ड लावल्या. नाचणाऱ्यांना गाण्यातला जो ड्रमचा तुकडा आवडतो, तो दोन टर्नटेबलवर लांबवायची त्याची युक्ती पुढे या सगळ्याचा पाया ठरली. 'रॅपर्स डिलाइट' आलं ते १९७९ साली. अख्खा अल्बम एकसंध कलाकृती म्हणून बांधायची सवय त्याच्याही नंतर, १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली.

एक अल्बम किती वेळा ऐकावा?

तुमचं मत बदलायचं थांबेपर्यंत. पहिली फेरी सलग, क्रम न मोडता, शफल बंद करून. केंड्रिक लमारच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'मध्ये (२०१५) एक कविता गाण्यांच्या मध्ये थोडी थोडी वाढत जाते, आणि तो ती कुणाला ऐकवतोय हे शेवटच्या ट्रॅकमध्ये उलगडतं. शफलवर ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताच लागणार नाही.

कशावर ऐकावं? महागडे हेडफोन हवेतच का?

महागडे नकोत, पण मोबाईलच्या स्पीकरवर ऐकून लिहू नका. रोलँड कंपनीने १९८० साली काढलेल्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा खोल घुमणारा ठोका आजच्या निम्म्या हिप-हॉपचा कणा आहे. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला ते खालचे स्वर पेलतच नाहीत. म्हणजे बेसलाइन ऐकलेलीच नसते आणि आपण लिहून मोकळे होतो की बीट पोकळ आहे. साधे, कानात घट्ट बसणारे वायरवाले इअरफोन चालतात. एक फेरी गाडीत ऐका, कारण यातलं पुष्कळसं संगीत गाडीत वाजवण्यासाठीच बनलेलं आहे. पणजीच्या कदंब बसमध्ये ऐकायला हरकत नाही, फक्त ती पहिली फेरी नसावी. आणि जून-जुलैत पत्र्याच्या छपराखाली बसून कुठल्याही अल्बमच्या मिक्सिंगवर मत देऊ नका.

संगीत शिकलेलो नाही. बीटबद्दल लिहू तरी काय?

गोव्यात वाढलेल्या माणसाने हा प्रश्न विचारू नये असं मला मनापासून वाटतं. चवथीला घुमट आरती रंगात आली असताना शमेळ हे साथीचं तालवाद्य वाजवणारा जरासा पुढे पळाला, तर कोपऱ्यात बसलेल्या आजीचीही मान थांबते. तोच कान इथे वापरायचा आहे.

रीत सोपी आहे. आधी फक्त ड्रम ऐका. मग पुन्हा लावा आणि फक्त बेस ऐका. मग वरचे सूर: पियानो, तंतुवाद्यं, जुन्या रेकॉर्डचा तुकडा, जे काही असेल ते. शेवटी आवाज. प्रत्येक थराबद्दल एक वाक्य लिहून ठेवा. गती मोजायला मोबाईलवर टॅप टेम्पोची ॲप आहेत, ठोक्याबरोबर बोट आपटलं की आकडा दिसतो. १९९०च्या दशकातलं न्यूयॉर्कचं बरंचसं हिप-हॉप मिनिटाला ८५ ते ९५ ठोक्यांच्या आसपास चालतं. चार ठोक्यांचा एक बार. सोळा बारचं कडवं म्हणजे चौसष्ट ठोके, आणि ९०च्या गतीला ते जेमतेम ४३ सेकंदांत संपतं. एवढ्या अवधीत एखाद्याने अख्खी गोष्ट सांगितली असेल तर ती कशी बसवली, हे लिहिण्याजोगं आहे. ट्रॅप या हिप-हॉपच्या उपप्रकारात मोजमाप १४०चं येतं पण मान डोलते ती ७०च्या चालीत, आणि मधली जागा हाय-हॅट या झांजेची बारीक थरथर भरून काढते. रॅपर त्यातली कुठली गती धरतो? संथ धरतो की दुप्पट? कडव्याच्या मध्येच बदलतो का? उत्तर सापडलं की परिच्छेद तयार.

सरावासाठी प्रोड्युसर जे डिलाचा 'डोनट्स' घ्या. ७ फेब्रुवारी २००६ रोजी, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी तो प्रसिद्ध झाला आणि तीन दिवसांनी डिला गेला. एकतीस तुकडे, बहुतेक एक-दीड मिनिटाचे, आणि रॅप जवळपास नाहीच. शब्द नसल्यामुळे लपायला जागा उरत नाही, आवाजाबद्दलच लिहावं लागतं. डिला आपल्या मशीनमधली ठोके आपोआप सरळ करणारी सोय अनेकदा वापरत नसे. त्यामुळे त्याचा एखादा ठोका सावकाश येतो, एखादा घाईने, आणि तरी सगळं मिळून सम चुकत नाही. तबला ऐकत वाढलेल्याला यातली गंमत समजावून सांगावी लागत नाही. ती नेमक्या शब्दांत उतरवणं मात्र कष्टाचं आहे, आणि ते कष्ट घेण्यासारखे आहेत.

'क्लासिक' कुणी ठरवलं? मला एखादा गाजलेला अल्बम आवडलाच नाही तर?

तर तसं लिहा. पण त्याआधी तो ज्या वर्षी आला त्या वर्षात एकदा जाऊन या.

म्हणजे काय करायचं? पब्लिक एनिमी या गटाचा 'इट टेक्स अ नेशन ऑफ मिलियन्स टू होल्ड अस बॅक' १९८८चा. आज ऐकताना तो गोंगाटी वाटेल, आणि तो गोंगाट मुद्दाम केलेला आहे. बाँब स्क्वॉड या त्यांच्या प्रोड्युसर मंडळींनी रेकॉर्डच्या तुकड्यांवर तुकडे रचले. एका गाण्यात सॅक्सोफोनची एक किंकाळी केटलच्या शिट्टीसारखी सतत वाजत राहते, ती जेम्स ब्राउनच्या वादकांच्या जुन्या रेकॉर्डवरची. हाच अल्बम ऐकण्याआधी त्याच्या दोन-तीन वर्षं आधीचं कुठलंही रॅप लावून बघा, तेव्हा कळतं की या लोकांनी किती मोठी उडी मारली.

त्या काळच्या यंत्रांचीही माहिती हवी. १९८७मध्ये आलेल्या ई-मू कंपनीच्या एसपी-१२०० या सॅम्पलरमध्ये, म्हणजे रेकॉर्डचे तुकडे भरून वाजवायच्या यंत्रात, सगळे तुकडे मिळून जेमतेम दहा सेकंद मावत. जागा वाचवण्यासाठी लोक मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या गतीची रेकॉर्ड ४५वर फिरवून भरत आणि मशीनमध्ये पुन्हा हळू करत. असं केलं की आवाजाला एक खरखरीत किनार यायची. त्या खरखरीला आज लोक जीव लावतात, नव्या सॉफ्टवेअरमध्ये पैसे मोजून ती आणतात. तेव्हा ती जागेच्या टंचाईतून आली होती. हे ठाऊक असलेला समीक्षक 'रेकॉर्डिंग जुनाट आहे' एवढंच लिहून थांबणार नाही.

एवढं केल्यावरही अल्बम मनाला भिडला नाही, तर निःसंकोच लिहा आणि कुठल्या गाण्यात, कुठल्या ठिकाणी तुटलं ते दाखवा. जगाने डोक्यावर घेतलेल्या अल्बमपुढे मान तुकवायची सक्ती नाही. उलट, आदरापोटी लिहिलेल्या कोमट स्तुतीने त्या अल्बमचंही काही भलं होत नाही.

सॅम्पलिंग म्हणजे दुसऱ्याचं संगीत चोरणं नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो, म्हणून थोडं सविस्तर.

२००२ साली ट्रुथ हर्ट्स या गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' अमेरिकेत गाजलं. प्रोड्युसर डीजे क्विक, आणि त्यात रॅप करणारा रकीम, म्हणजे ओळीच्या पोटात यमक पेरायची कला ज्याने १९८७च्या 'पेड इन फुल'मधून सगळ्यांना शिकवली तो. या गाण्याचा जीव मात्र लता मंगेशकरांच्या आवाजात होता: १९८१च्या 'ज्योती' चित्रपटातलं 'थोडा रेशम लगता है', संगीत बप्पी लाहिरींचं. परवानगी घेतली नव्हती, श्रेय दिलं नव्हतं. खटला झाला आणि लाहिरींचं नाव दिल्याशिवाय विक्री करू नये असा आदेश अमेरिकी न्यायालयाने दिला. मंगेशी फोंड्याहून हाकेच्या अंतरावर. ज्या गावाचं नाव त्या घराण्याने लावलं, तिथला माणूस हे गाणं ऐकतो तेव्हा सॅम्पलिंगचा वाद त्याच्यासाठी परक्याचा राहत नाही.

माझं मत असं: तुकडा उचलणं ही कला आहे, नाव न देणं हा अन्याय आहे. दोन्ही वाक्यं पूर्ण वजनाने लिहायला हवीत. डीजे क्विकला त्या गाण्यात जे ऐकू आलं ते दुसऱ्या कुणाला आलं नव्हतं, आणि त्याने लाहिरींचं देणं फिटत नाही.

मॅडलिब या अमेरिकन प्रोड्युसरनेही २००७मध्ये हिंदी चित्रपटसंगीताचे तुकडे घेऊन 'बीट कंडक्टा इन इंडिया' हा अल्बम केला. तो ऐकताना मला आठवण होते ती जुन्या काळी मुंबईच्या स्टुडिओत बसलेल्या गोवेकरांची. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, हळदोण्याचे ट्रंपेटवाले चिक चॉकलेट, शंकर-जयकिशन यांच्यासाठी वाद्यवृंदाची रचना करणारे सेबास्तियन डिसोझा, आणि ज्यांची नावं कुठेच छापली गेली नाहीत असे कितीतरी वादक. पोस्टरवर संगीतकाराचं नाव यायचं, रचना आणि वादन करणारे हात मात्र अंधारात. म्हणून समीक्षेत श्रेयनामावली वाचायची, शक्य तिथे मूळ गाणं शोधून ऐकायचं आणि वादकांपर्यंत पोचायचं, हा आमच्या मंडळाचा नियमच आहे.

कायद्याने संगीत कसं बदललं हेही ऐकू येतं. १९९१मध्ये रॅपर बिझ मार्कीवरच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या न्यायालयाने विनापरवाना सॅम्पलिंगविरुद्ध कडक निकाल दिला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी आणि पैसे हा मोठा खर्च झाला, आणि पब्लिक एनिमीने केली तशी थरांवर थर रचणारी पद्धत बहुतेकांच्या आवाक्याबाहेर गेली. डी ला सोल या गटाचा १९८९चा 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' सॅम्पलच्या हक्कांच्या गुंत्यामुळे वर्षानुवर्षं स्ट्रीमिंगवर नव्हता. तो आला मार्च २०२३मध्ये. त्यांच्यातला ट्रुगॉय त्याआधी काहीच आठवड्यांनी, फेब्रुवारीत वारला.

नवा अल्बम मध्यरात्री येतो आणि सकाळपर्यंत सगळीकडे मतं फिरत असतात. आपण मागे पडत नाही का?

पडू दे. २२ नोव्हेंबर २०२४ रोजी केंड्रिकचा 'जीएनएक्स' कुठलीही पूर्वसूचना न देता आला आणि तासाभरात लोक त्याला त्याच्या आधीच्या अल्बमांच्या रांगेत कितवा ते ठरवून मोकळे झाले. तासाभरात अल्बम जेमतेम एकदा ऐकून होतो. आमच्याकडे नव्या अल्बमवर निदान काही आठवडे उलटल्याशिवाय लिहीत नाही. तोवर कुठली गाणी आपोआप पुन्हा लावली गेली आणि कुठली नाही, हे कळलेलं असतं, आणि ती माहिती पहिल्या रात्रीच्या उत्साहापेक्षा भरवशाची.

अल्बम नंतर बदलूही शकतो. कान्ये वेस्टने 'द लाइफ ऑफ पाब्लो' २०१६मध्ये प्रसिद्ध केल्यावरही त्यात फेरफार चालूच ठेवले होते. त्यामुळे कुठली आवृत्ती ऐकली ते लिहा. डिलक्स आवृत्तीत जोडलेली गाणी वेगळी धरा.

शिव्या, हिंसा, बायकांबद्दलची भाषा यांचं काय करायचं?

झाकायचं नाही आणि त्यात रमायचंही नाही. बोलणारं पात्र आणि लिहिणारा माणूस यांच्यात अंतर आहे का, ते आधी बघा. पुष्कळ रॅपर एखाद्या गुन्हेगाराच्या तोंडून बोलतात आणि श्रोत्याला अस्वस्थ करणं हाच हेतू असतो. पण प्रत्येक वेळी ही सबब चालत नाही. 'द क्रॉनिक'चं संगीत मी ऐकलेल्या सर्वांत घडीव संगीतांपैकी आहे, आणि त्यात बायकांबद्दल जे बोललं जातं ते ओंगळ आहे. हे दोन्ही एकाच समीक्षेत यायला हवं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. आमच्या बैठकीला मुली, बायका येतात, त्यांनी या मुद्द्यावर लिहिलेलं वाचून मला स्वतःला हा अल्बम नव्याने ऐकावा लागला.

काळ्या लोकांसाठी वापरला जाणारा तो अपशब्द रॅपमध्ये हजारदा येतो. आपल्या लेखात तो आपल्या तोंडी येता कामा नये. जातिवाचक शब्द आतल्या माणसाने उच्चारणं आणि बाहेरच्याने उच्चारणं यातला फरक आपल्या समाजाला चांगला ठाऊक आहे, वेगळं सांगायला नको.

आणि शिवी ऐकली की कान बंद करू नका. एन.डब्ल्यू.ए. या गटाने १९८८मध्ये पोलिसांच्या अत्याचाराविरुद्ध जे गाणं केलं त्यावरून पुढच्या वर्षी एफबीआयच्या अधिकाऱ्याने रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं. शिव्या काढून टाकल्या असत्या तर त्या गाण्यातला संतापही उरला नसता.

स्टार किंवा दहापैकी गुण द्यावेत का?

मी देत नाही. 'द सोर्स' मासिकाने 'इलमॅटिक'ला पाचपैकी पाच माइक, म्हणजे पूर्ण गुण, दिले ही गोष्ट आजही सांगितली जाते, पण त्या समीक्षेत काय लिहिलं होतं ते कुणी सांगत नाही.

'रॅप म्हणजे आपला पोवाडाच' असं लिहिलं तर वाचकाला पटकन समजतं. चालेल ना?

नको. शाहीर, डफ, तुणतुणं, मागे साथ देणारे झीलकरी, प्रसंगाचं वर्णन करत चढत जाणारी फेक, हा एक घडलेला प्रकार आहे आणि त्याला त्याचा इतिहास आहे. हिप-हॉप ब्राँक्समधल्या काळ्या आणि प्युर्टो रिकन वस्त्यांत, दोन टर्नटेबलांच्या मधोमध जन्माला आलं. एकाला दुसऱ्याचं नाव दिलं की दोघांकडेही नीट बघणं थांबतं. एखाद्या मराठी रॅपरने खरोखर डफ वापरला असेल, शाहिरी फेक उचलली असेल, तर कुठल्या गाण्यात आणि कितपत जमली ते जरूर लिहा.

मराठी, कोकणी, हिंदी रॅपला जरा सवलत द्यावी का? आपली मुलं नवीन आहेत.

सवलत हा अपमान आहे. प्रभ दीपचा 'क्लास-सिख' (२०१७) आणि सीधे मौतचा 'बयान' (२०१८), दोन्ही सेझ ऑन द बीट या प्रोड्युसरच्या संगीतावर उभे राहिलेले दिल्लीचे अल्बम. त्यांना कुणाच्या मेहेरबानीची गरज नाही. मुंबईच्या स्वदेशी या गटाने २०१९मध्ये आरेच्या जंगलातल्या वारली लोकांच्या लढ्यावर केलेलं गाणंही कुठल्याही मोजपट्टीला उतरतं. गोव्याचा त्सुमयोकी मुंबई-दिल्लीच्या रॅपरांच्या बरोबरीने ऐकला जातो. त्यांना लावलेली फूटपट्टीच सगळ्यांना लावा.

आपल्या भाषांसाठी ऐकण्याची एक खास जागा आहे. मराठीत आणि कोकणीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, म्हणून 'केलं, गेलं, आलं, झालं' अशी यमकं फुकट मिळतात. नवशिका रॅपर अख्खं कडवं या शेपट्यांवर काढतो आणि टाळ्याही मिळतात. कसलेला रॅपर वाक्य उलटवतो, नाम शेवटी आणतो, यमक मधल्या शब्दात लपवतो, तीन अक्षरी शब्दाला तीन अक्षरी शब्द भिडवतो. कागदावर ओळींचे शेवट लिहून काढा, लगेच दिसेल.

भाषांच्या सरमिसळीवर शुद्धलेखनाचा चष्मा लावून बोलू नका. घरात कोकणी, वाचनालयात मराठी, शाळेत इंग्रजी आणि मित्रांत हिंदी असा आपला दिवस जातो. रॅपही तसंच असणार. विचारायचं ते एवढंच, की भाषा बदलते त्या ठिकाणी काही घडतं का, की शब्द सुचला नाही म्हणून बदलली.

मजकुराबद्दल मात्र कडक राहा. गोव्यातल्या मुलाच्या गाण्यात फक्त किनारा, पार्टी आणि बाईक असेल तर तसं लिहा. २०१२ आणि २०१८मध्ये खाणी थांबल्या तेव्हा डिचोली-सांगेच्या बाजूला दारात उभे राहिलेले ट्रक, मांडवीतले कॅसिनो, सरकारी नोकरीची वाट बघणारी घरं, परवडेनाशी झालेली पणजीतली भाडी, यातलं काहीच त्याच्या कानावर आलं नाही का, हा प्रश्न समीक्षकाने विचारायलाच हवा.

ज्याचा अल्बम आहे तो ओळखीचा निघाला तर?

गोव्यात निघणारच. म्हापशाच्या बाजारात तो नाही तर त्याची मावशी भेटते. ओळख आहे हे पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि पुढे फक्त ऐकलेल्यावर बोला. 'चांगला प्रयत्न' हे शब्द वापरू नका, त्यातून त्याला काहीच मिळत नाही. आवाज बीटच्या फार वर आहे, दुसऱ्या कडव्यात श्वास कमी पडतो, ही बीट ऑनलाइन भाड्याने मिळणाऱ्यांतली आहे आणि तिच्यावर आणखी चौघांनी रॅप केलंय, हे सांगितलंत तर पुढच्या वेळी उपयोग होईल. जे जमलंय तेही तितक्याच नेमकेपणाने सांगा.

गाण्याच्या ओळी उद्धृत कराव्यात का?

एखाद-दुसरी, तीही तिच्या घडणीबद्दल काही सांगायचं असेल तरच. अख्खी कडवी उतरवू नका. भाषांतर करण्यापेक्षा आशय आपल्या शब्दांत सांगितलेला बरा, कारण रॅपचं भाषांतर केलं की ठोका जातो आणि मागे नुसतं विधान उरतं.

पुढच्या बैठकीत काय ऐकायचं आहे? येताना काय आणू?

ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या गटाचा 'द लो एंड थिअरी', १९९१चा. नावातच बेस आहे, आणि एका गाण्यात थोर जॅझवादक रॉन कार्टर स्वतः डबल बेस वाजवायला आलेत. क्यू-टिपचा मऊ, जरा नाकातला आवाज आणि फाइफ डॉगचा उंच, भांडखोर आवाज एकमेकांना कसे टेकू देतात, यावर लिहिण्यासारखं खूप आहे. यावेळी निम्मी मंडळी फक्त फाइफवर लिहितील असं ठरलंय, कारण त्याच्या वाट्याला नेहमी दोनच ओळी येतात.

वही आणि पेन आणा. फोन दाराजवळच्या टोपलीत ठेवावा लागेल. आधी ऐकून आलात तरी चालेल, फक्त कुणाची समीक्षा वाचून येऊ नका. पहिला ट्रॅक सुरू होतो तो एकट्या बेसवर. क्यू-टिप बोलायला लागतो तरी ड्रम आलेले नसतात. ते नेमके कुठल्या बारला येतात ते मोजून लिहून ठेवा, चर्चा तिथूनच सुरू करू.